सेव्ह न होणारं जंगल

मुलांच्या दवाखान्याच्या भिंतीवर लावायचं जंगल तिने तीन दिवस खपून जुळवलं होतं. झाडं, माकडं, ओढा, सगळं वेगवेगळ्या लेअरवर. उद्या एखादं माकड हलवायला सांगितलं, तर झाड हलायला नको. काल दुपारपासून मात्र तिने ते सेव्ह केलं नव्हतं. दर वेळी मशीन पाच मिनिटं अडकून पडायचं, त्याचा तिला कंटाळा आला होता. बारा वाजता बटण दाबलं, तर पडद्यावर पाटी आली: फाइल दोन जीबीहून मोठी आहे, सेव्ह होणार नाही.

तिने नाव बदललं, डिस्कवर जागा केली, पेन ड्राइव्ह लावला. तीच पाटी.

दारातून वॉचमन म्हणाला, "ताई, लिफ्टचं काम आहे. दोनला लाइट जाणार."

यूपीएसची बॅटरी तर कधीच मेलेली होती.

"जेपेग करून टाक," मालक डबा उघडत म्हणाले.

"सगळं एकमेकांत चिकटेल. परत सुटं होणार नाही."

"मग बदल आले की तूच निस्तर."

आईचा फोन आला. डोळ्याचं ऑपरेशन करून ती डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसली होती. "एका डोळ्यावर पट्टी आहे. तू निघालीस का?"

"निघतेच."

हे ती तिसऱ्यांदा म्हणत होती. उठावं तर काम जाणार, बसावं तर आई ताटकळणार. मान अवघडली, तरी तिने माउसवरचा हात काढला नाही.

एकच माणूस उरला होता. या खुर्चीत आधी बसणारा, ज्याला सगळे दाढी म्हणायचे. तो ऑफिसच्या मशीनवर खाजगी कामं करतो, हे तिनेच मालकांच्या कानावर घातलं होतं. आठवड्यात त्याला घरी बसवलं. सव्वा वाजता तिने त्याला फोन लावला.

"कोण?"

"मी. फाइल सेव्ह होत नाहीये. दोन जीबी म्हणतंय."

"सेव्ह ॲजमध्ये जा. फॉरमॅटच्या यादीत मोठ्या फाइलसाठी वेगळा आहे, पीएसबी. तो घे. जेपेग करू नकोस."

तिने तो निवडला. पडद्यावरची पट्टी सरकू लागली.

"किती?"

"अकरा टक्के."

त्याने फोन ठेवला नाही. ती हळूच म्हणाली, "मालकांना मीच सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"मग फोन का घेतलास?"

"तुझा नंबर पुसून टाकलाय. ओळखला असता, तर नसता घेतला."

पट्टी चौसष्टवर थांबली आणि बऱ्याच वेळाने पुढे सरकली.

"मी मालकांशी बोलू? येशील परत?"

"त्या कोंदट खोलीत? खिडकी उघडते का आता?"

"नाही."

"मग राहू दे. सेव्ह झालं की बंद कर, परत उघड, लेअर मोजून घे." त्याने फोन ठेवला.

तिने फाइल परत उघडून लेअर मोजले, एकशे चाळीस, सगळे होते. दोनला पाच मिनिटं कमी होती. मशीन बंद करून ती जिन्याने धावत उतरली.

आई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली होती. "तुझं 'निघतेच' फार लांबलं गं," ती म्हणाली आणि हात पुढे केला.