सुताराच्या लेकीचा उतरता बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे. माझ्यावर कुणाला नीट बसता येत नाही, कारण माझी एक बाजू उंच आणि दुसरी बुटकी. सुताराचा हात चुकला असं समजू नका, मित्रांनो. मला मुद्दाम तसं घडवलं आहे.

त्या सुताराची धाकटी लेक म्हणजे बारकी. तिच्या फुप्फुसांत कफ साचून राही. फिजिओथेरपीच्या ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "हिला डोकं खाली, पाय वर असं पालथं निजवा. तळहात खोलगट करून पाठीवर थापट्या मारा. कफ सुटून बाहेर येतो."

उशा रचल्या तर निसटत, म्हणून सुताराने मला बनवलं. रोज सकाळी अनशापोटी बारकी माझ्यावर निजे आणि बाप थापट्या मारी. हळूहळू तिची घरघर थांबली. ती मैत्रिणींबरोबर धावू लागली. "सुतारदादा, औषधाइतकंच काम करतोय हो हा!" ताई म्हणाल्या. मी अभिमानाने फुलून गेलो.

पण आराम पडला की माणसांना विसर पडतो. एकदा आत्या म्हणाली, "पोरगी ठणठणीत आहे. कशाला रोज गादीसारखी बडवतोस तिला?" बारकी तेव्हा कॉलेजात जात होती. तीही म्हणाली, "बाबा, पुरे आता. मला लाज वाटते." बापाचं मन विरघळलं.

माझी रवानगी कामाच्या खोलीत झाली. अंगावर रंगाचे डबे चढले. भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू येई, आधी कोरडा, मग ओला. मला तो ओळखू येत होता, पण लाकडाला कुठलं तोंड?

शेवटी ताप चढला, ओठ निळे पडले. बारकी इस्पितळातून परत आली खरी, पण फुप्फुसाचा एक कोपरा कायमचा निकामी झाला होता. ताई हळूच म्हणाल्या, "दुखणं गेलं नव्हतं, दादा. रोजच्या थापट्यांनी दबून होतं."

सुताराने डबे उतरवले, रंगाचे ओघळ खरवडले, मला स्वच्छ पुसलं. बारकी माझ्यावर पालथी पडली. थापट्या सुरू झाल्या, पण अडखळत. तिच्या मानेवर एक कढत थेंब पडला.

ती धापा टाकत म्हणाली, "बाबा, रडायचं असेल तर आधी रडून घ्या. ताल चुकतोय तुमचा."

बापाला रडता रडता हसू फुटलं, आणि हात पुन्हा चालू लागला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा श्वास असा रोजच्या मेहनतीवर चालत असेल, तर बरं वाटतंय म्हणून ती मेहनत सोडू नका, कुणाला सोडायलाही लावू नका. गेलेला कोपरा परत येत नाही. जे उरलं आहे त्यासाठी आम्ही तिघं रोज सकाळी कामाला लागतो.