गंजलेला रॅम
खर्डा गावच्या एसटी स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या बिभीषणनं बारा वर्षं जुन्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं, नव्या कामाची सुरुवात म्हणून आत हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि नवा रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, खाचेत दाबून बसवला. बटण दाबताच कॉम्प्युटर तीनदा पीं-पीं करून गप्प झाला.

बाहेर बाकावर सहा माणसं कागद धरून ताटकळली होती. बिभीषणनं रॅम काढला, खोडरबरानं घासला, परत बसवला. पुन्हा पीं-पीं-पीं! चौथ्यांदा घासताना खोडरबर लालसर झालं, तसं त्याचं डोकंच फिरलं. त्यानं रॅम विकणाऱ्या जामखेडच्या वैजनाथला फोन लावला.

"गंजलेला माल गळ्यात मारतोस व्हय रं? लाज कशी वाटत न्हाई तुला?"

बिचाऱ्या वैजनाथनं शिव्या खाऊन फोन ठेवला.

तेवढ्यात बायको, सविता, चहा घेऊन आली. तिनं मोबाईलची बॅटरी लावून आत डोकावलं.

"अहो, ह्या खाचेत एवढं कुंकू कुणी सांडलं?"

 जुन्या टूथब्रशनं खाच झाडून बिभीषणनं रॅम बसवला आणि कॉम्प्युटर मुकाट्यानं सुरू झाला.

लगेच फोन वाजला. वैजनाथच होता.

"भाऊ, राग सोडा. दुसरा रॅम टेम्पोनं धाडलाय. आन् ह्या वेळी बिघडू नये म्हणून पूजा मी हितंच उरकलीय. कुंकवाचा पार मळवट भरलाय त्याला!"