दुसरी प्रत

दवाखान्यात समरजितच्या छातीवर कार्डिओग्रामचे रबरी फुगे लावताना वामनरावांना ते पत्र आठवलं. त्याच्या आईचं, गंगाबाईंचं. दोन वर्षं झाली, उत्तर गेलं नव्हतं.

"भाऊ, ह्यांच्या कार्डिओग्रामकडे तुम्ही फार वेळ बघत होतात. मग मुकाट्यानं घडी घातलीत. डॉक्टर नॉर्मल म्हणाले आणि आठव्या दिवशी हे वर्कशॉपात कोसळले. तुम्हाला काय दिसलं होतं?"

पत्र एका पुस्तकात होतं. "अहो, त्याच्या भीतीनं पुस्तकच उघडेनासे झालात," त्यांच्या पत्नी वत्सलाबाई म्हणायच्या. "रद्दीत घालू का?"

यंत्रानं कागद बाहेर टाकला. हे परदेशी यंत्र सत्याण्णव साली आलं. नाव, वय आणि वंश विचारायचं. वंशाच्या यादीत आपली माणसं नव्हतीच. कंपनीच्या माणसानं शिकवलं होतं, 'इतर' दाबायचं. मग कागदावरच्या रेघेत ठोक्यानंतर येणारी लहानशी टेकडी उलटी होऊन खड्डा झाला, तरी यंत्र खाली छापायचं: 'नॉर्मल. वांशिक फरक.'

समरजितच्या कागदावर तोच खड्डा होता. त्याच्या वडिलांच्या, दत्ताजीरावांच्या कागदावरही होता. मनात शंका आली की दुसरी प्रत काढून ठेवायची, ही वामनरावांची जुनी सवय. ठेवायची फक्त. दाखवायची नाही.

दवाखान्याच्या डॉ. हार्दिकनी सहीसाठी पेन उघडलं.

"साहेब, ह्यांच्या वडिलांचंही असंच होतं. आणि ह्यांना जिना चढताना छाती जड होते."

"अरे वामनभाई, आपणा लोकोमां आवुं होय ज! आपल्यात असं असतंच. गॅस असेल. मशीन तुमच्यापेक्षा जास्त शिकलंय."

सही झाली.

"कोणते आपले लोक?" हा आवाज आपलाच, हे वामनरावांना उशिरा कळलं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत सही झाल्यावर त्यांचं बोलणं 'जी साहेब'च्या पुढे गेलं नव्हतं. "आपल्या प्रतापनगर भागातल्या एकाचा तरी कागद काढून तो पुढे किती जगला, हे कुणी पाहिलंय? आपल्याला मोजलंच नाही साहेब, आणि वर म्हणायचं, ह्यांना चालतं! काय चालतं? मेलं तरी चालतं?"

"काका, एटले? म्हणजे नॉर्मल नाही?" समरजित शर्टाची बटणं लावायचा थांबला.

वामनरावांनी कागद पुन्हा पाहिला. आपण ना डॉक्टर, ना कोण. चुकत असलो तर?

"मला नक्की ठाऊक नाही रे. पण आज कामावर जाऊ नकोस. सरकारी दवाखान्यात चल. मी येतो."

"जा," डॉ. हार्दिक म्हणाले, "आणि उद्यापासून इकडे येऊ नका."

निघताना वामनरावांनी दत्ताजीरावांच्या कागदाची जपून ठेवलेली प्रत बरोबर घेतली. सरकारी दवाखान्यातल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी बापलेकाचे दोन्ही कागद शेजारी ठेवले, दोन प्रश्न विचारले आणि समरजितला तिथल्या तिथे दाखल करून घेतलं. तो घाबरला होता, पण बोलत होता. कोल्हापूरला लेकीकडे राहणाऱ्या आईला त्यानं फोनही केला. फोन वामनरावांपुढे धरला, तेव्हा त्यांनी तो परत त्याच्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते पुस्तक उघडलं. उत्तराचे चार कागद लिहून फाडले. पाचव्यावर लिहिलं:

"गंगाबाई, मला दिसलं होतं. मी बोललो नाही. दत्ताजीरावांच्या कागदाची दुसरी प्रत सोबत पाठवतो आहे. खूण केली आहे, तिथे पाहा. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

तरसाली भागातल्या टपालपेटीत पाकीट तोंडाशीच अडकलं. आतल्या कागदाची घडी जाड होती. वामनरावांनी ते दोन बोटांनी आत लोटलं आणि तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.