साळूबाईनं दार कचेरीत नेलं

बजाजनगरात आप्पासाहेबांच्या चाळीत साळूबाई नवऱ्यासोबत भाड्यानं राहायची. नवरा बद्रीनाथ ज्या कंपनीत कामाला होता, तिला अचानक कुलूप लागलं आणि भाडं थकलं. आप्पासाहेबांनी आधी नळ तोडला. तरी ही माणसं हलेनात, तेव्हा त्यांनी खोलीचं दारच बिजागऱ्यांतून काढलं आणि आपल्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

चौकीत पोलीस म्हणाले, कोर्टात जा. वकिलानं भाडेकरार मागितला. करार तर चाळीत कुणाचाच नव्हता.

"चल, गावाकडं पाचोडला जाऊ," बद्रीनाथ हताशपणे म्हणाला.

साळूबाईनं चौकटीला जुनं लुगडं बांधलं आणि शेजारच्या आवडाबाईला गाठलं. "आज माझं दार गेलं, उद्या तुझं जाईल. सोमवारी कलेक्टर मॅडम लोकांची गाऱ्हाणी ऐकत्यात. समद्याजणी जाऊ."

सोमवारी चाळीतल्या बायकांनी ओट्यावरचं दार उचललं आणि भाजीवाल्या सांडूच्या टेम्पोत घातलं. आप्पासाहेब धावत आले. "अगं, चोरी हाय ही!"

"मंग द्या की फिर्याद. तेवढ्यानं तरी पोलीस चाळीत येतील," साळूबाई म्हणाली.

कचेरीत शिपाई दार आत नेऊ देईना. हुज्जत वाढली, तशा मॅडमच व्हरांड्यात आल्या. साळूबाई बोलायला लागली ती थांबलीच नाही.

"भाडं बुडवणार नाय, मॅडम. काम लागलं की फेडू. पण कंपनी बंद पडली म्हणून माणसाला उघड्यावर काढायचं, आन् इचारणारं कुणीच नाय? कायदा हाय म्हणत्यात. मंग तो आमच्या चौकीपर्यंत का येत नाय? ज्याच्यापाशी करार नाय, त्यालाबी सरकारनं आडोसा द्यावा. कोर्टाच्या हुकमाबिगर कुणाला काढायचं नाय, एवढंच मागणं हाय."

मॅडमनी तिथूनच पोलिसांना फोन लावला. दार आणि नळ आजच्या आज लागले पाहिजेत. अशी तक्रार आली की तिथल्या तिथं नोंदवून घ्यायची. "तुमची मागणी मी माझ्या शिफारशीनं मुंबईला पाठवते," त्या म्हणाल्या.

"पाठवा. आमी उत्तर इचारायला येऊ."

मॅडम हसल्या. "जरूर या."

संध्याकाळी फौजदारासमोर आप्पासाहेब स्वतः बिजागऱ्या ठोकत होते. "माझी जमीन कारखान्यात गेली. ह्या खोल्याच माझी शेती," ते पुटपुटले.

साळूबाईनं दार पेलून धरलं होतं. "म्हणूनच म्हणते, कंपनी बंद पडली तर सरकारनं तुमचंबी बघावं. पुढच्या खेपेला तुमीबी चला."

नळाला पाणी आलं, तशी चाळीत कुणीतरी दिवाळीची उरलेली लवंगी माळ लावली.

पुढच्या महिन्यात आप्पासाहेब काही गेले नाहीत. पण साळूबाईसोबत कमळापूरच्या, रांजणगावच्या भाडेकरू बायका आल्या, लेकरं कडेवर घेऊन आल्या. कचेरीच्या पायऱ्या भरल्या, आवार भरलं. शेवटी मॅडमना खुर्ची बाहेर मागवून अंगणातच बसावं लागलं.