न चाखलेली आमटी

आमच्या घरात भीमरावदादाला राग येत नाही, त्याचं पित्त खवळतं. राग आला तर नंतर माफी मागावी लागते. पित्ताला पुडी दिली की झालं. म्हणून दादा आरडाओरडा करतो आणि आम्ही बड्या बाजारातल्या वैद्याकडे पळतो. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून पुड्या वाढल्यात. नीरजावहिनी, त्याची बायको, संसारभर तोंडात मिठाची गुळणी धरून आहे. आणि मी कमलिनी, त्याची धाकटी बहीण, लग्न न करता इथेच राहिलेली. वहिनी जे गिळते ते मी मीठमिरची लावून झाशीभर सांगते. पित्त आणि मीठ, एवढ्यावर आमचं घर चालतं.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला दादाच्या लेकीने, स्वरालीने, पुष्पेंद्रला बोलावलं. मुलगा जवळच्या चिरगावचा, वीज खात्यात इंजिनीअर, घरी बुंदेली बोलणारा. दोघांना लग्न करायचं होतं. दादा म्हणाला, "एकदा माझ्या पंगतीला बसू दे, मग सांगतो." दादाच्या तोंडून एकदा 'नाही' निघालं की ते परत आत जात नाही.

"आत्या, मी भागून-बिगून नाही जाणार," स्वराली सकाळी मला म्हणाली. "पण बाबांनी मना केलं ना, तर मग दुसऱ्या कोणाशी पण शादी नाही." पोरगी सहसा रडत नाही. तेव्हा तिची हनुवटी थरथरत होती.

आमच्याकडे नैवेद्याआधी कुणी चव बघत नाही. बोट चाटलं तरी अख्खं पातेलं बाद. मीठ घालायचं ते हाताच्या अंदाजाने आणि देवीच्या भरवशावर. एरवी जमतं. त्या दिवशी वहिनी इतकी भांबावली होती, की पुरणाच्या पातेल्यावर कढईचं झाकण ठेवत होती. ही आमटीत मीठ विसरणार, असं मला वाटलं. ती वळलेली बघून मी गुपचूप चमचाभर टाकलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

नैवेद्य झाला. पाटावर दादा आणि शेजारी पुष्पेंद्र. वहिनीने रीतीप्रमाणे आधी पानाच्या डाव्या कोपऱ्यात मीठ वाढलं, मग बाकीचं. दादा अजून पानाभोवती पाणी फिरवत होता, तेवढ्यात पुष्पेंद्रने आमटीभाताचा पहिला घास घेतला.

त्याचे कान लाल झाले. त्याने भात मागितला. मग पुन्हा भात. मग पाणी. दाराआड स्वरालीने माझा हात असा आवळला, की बांगडी रुतली. मग दादाने घास घेतला. त्याचे डोळे मोठे झाले, पण त्याने घास गिळला. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत, हा नियम आमच्या वडिलांचा आणि तो आम्हाला सुनावणारा दादाच. दोघं खाली मान घालून जेवत राहिले.

"कैसा बना है?" शेवटी दादाने विचारलं.

मी मनात म्हटलं, बाबा रे, चांगलं आहे म्हण आणि मोकळा हो.

पुष्पेंद्रने हातातला घास खाली ठेवला. "बाबूजी, झूठ नहीं बोलूँगा. नमक बहुत तेज है. पर परसाद है, छोड़ूँगा नहीं."

मी पुड्यांचा डबा काढायला वळले. दादाच्या तोंडावर असं बोललेलं या घराने ऐकलं नव्हतं. आता पित्त खवळणार, ताट उडणार आणि पोरीचा जन्म आळणी जाणार.

"कितना तेज?" दादा म्हणाला.

"बाबूजी, कान तक."

दादा हसला. मग इतका हसला की ठसका लागला. "आणि ही बघा, वर कोपऱ्यात वेगळं मीठ वाढते! कुणी केलं हे?"

वहिनीची गुळणी सुटली. "मी रोजच्यासारखंच घातलं होतं हो."

"मी चमचाभर टाकलं," मी म्हणाले.

"बाबा, मी पण," स्वराली दारातून पुटपुटली. "मला वाटलं, आई विसरली."

दादा आमटीकडे बघत राहिला. मग खाकरला. "मीही टाकलं. मूठभर."

"तू?" मी डबा घेऊन तशीच उभी. दादा स्वयंपाकघरात फक्त ओरडायला येतो.

"मग काय करू? तुम्ही सगळ्या घाबरलेल्या. म्हटलं, पोरगा पहिल्यांदा घरी जेवायला येतोय, आळणी जेवून गेला तर काय म्हणेल?"

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिली. स्वरालीचे डोळे भरून आले. "बाबा, म्हणजे..."

"म्हणजे काय? पाणी दे त्याला. आणि पुढच्या रविवारी याच्या आईवडिलांना जेवायला बोलाव." दादाने आमटीची वाटी पुढे ओढली. "मीठ नीरजाच घालेल. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही."