हातात धरून बघा

"आत काहीतरी खुळखुळतंय बघ," असं म्हणत शेजारच्या न्हाव्याने चार्जर तराजूच्या कानाशी नेऊन हलवला. "आणि काल दाढीचं मशीन यावर लावलं होतं, ते उचललं तर खांद्यापर्यंत झिणझिण्या. मशीन गिऱ्हाइकाच्या गालाला लागलेलं असतं तर?"

"पाडला असशील," तराजू म्हणाला आणि त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला.

तराजू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जिन्याखालच्या चिंचोळ्या गाळ्यात तो चार्जर, केबली आणि कव्हरं विकत असे. गाळा एवढासा, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. मालाची पारख तो हातावर करायचा. चार्जर उजव्या तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचे, हात किंचित वरखाली करायचा आणि निकाल द्यायचा. जड असला तर आत तांब्याची तार भरपूर, हलका असला तर नुसता डबा. मोठ्या दुकानातला चार्जर ज्यांना परवडत नसे ती माणसं या तळहाताच्या भरवशावर त्याच्याकडे येत. मग तो चार्जर त्यांच्याही हातात ठेवून म्हणायचा, "हातात धरून बघा." गिऱ्हाइकांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण तीही डोळे मिटून गंभीरपणे मान हलवत.

हा चार पोर्टचा नवा चार्जरही असाच पारखून घेतलेला होता. भिंतीतल्या एका प्लगवर चार गोष्टी चालतात, किंमत बेताची आणि हाताला असा जड की तराजू खूश झाला होता. स्क्रू निघाले, झाकण उघडलं आणि आतून अंगठ्याएवढा काळा लोखंडी तुकडा घरंगळला. कुठल्याच तारेला तो जोडलेला नव्हता. गोंदाने नुसता चिकटवलेला होता आणि गोंद सुटल्यावर भिंतीतली वीज जिथून आत येते आणि फोनकडे जिथून जाते, त्या दोन्हींच्या मधे येऊन पडला होता.

"हे कशाला घातलंय?" न्हाव्याने विचारलं.

"वजनाला," तराजू म्हणाला.

त्याने खोक्यातला एक कोरा नग उघडला. त्यातही तुकडा. दुसरा उघडला, त्यातही. ठोक व्यापाऱ्याला फोन लावला तर तो चिडलासुद्धा नाही. म्हणाला, तुम्हीच लोक जड मागता, कारखाना जड करून देतो, यात माझं काय चुकलं? तराजूने फोन ठेवला. आयुष्यभर ज्या तळहाताला विचारून तो वागला, त्याचीच नस कोणीतरी दूर बसून ओळखली होती.

त्या खोक्यातले तीनच नग बाहेर गेले होते. एक हा न्हाव्याचा. दुसरा त्याने स्वतःच्या घरी नेलेला. त्याने बायकोला फोन करून तो आधी भिंतीतून उपटायला सांगितलं. ती म्हणाली, लावलाय कोणी? तुमच्या दुकानातलं मी काही लावत नसते, मला माझा जुनाच बरा. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. एरवी त्याला हे लागलं असतं, आज त्याने मनातल्या मनात तिला हात जोडले.

उरला तिसरा.

गेल्याच आठवड्यात एक बाई घेऊन गेली होती. पांढरे बूट घातलेली, बहुतेक नर्स. घरी भिंतीतला एकच प्लग चालतो आणि त्यावर तिचा फोन, आईचा फोन आणि आईच्या कानातल्या मशीनची डबी अशा तीन गोष्टी लावायच्या असतात, म्हणाली. आई अंथरुणाला खिळलेली, दिवसभर घरात एकटी. म्हणून बाईने तीनतीनदा विचारलं होतं, नक्की चांगला आहे ना? आणि याने काय करावं? तिच्या तळहातावर चार्जर ठेवला आणि सांगितलं, "वजन बघा. आईच्या उशाशी बिनधास्त लावून ठेवा. काढायचीसुद्धा गरज नाही."

काढायचीसुद्धा गरज नाही. हे शब्द आता त्याच्या कानात न्हाव्याच्या चार्जरसारखे खुळखुळू लागले.

"अरे, पण ती राहते कुठे?" न्हाव्याने विचारलं.

"माहीत नाही."

"दिसायला कशी आहे?"

इथेच तर गाडं अडत होतं. तराजू माणसांचे चेहरे बघतच नसे. काउंटरवर येतो तो फोन, चेहरा नाही. गल्लीतली निम्मी माणसं त्याला काच तडकलेला, बटण घुसलेला, पाण्यात पडलेला अशा नावांनी ठाऊक होती. या बाईचाही फोनच आठवत होता. त्याचा वरचा कोपरा फुटलेला होता आणि तिथे लाल नखपॉलिश भरलं होतं.

गाळ्याला कुलूप लावून तो दोन रस्ते पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलकडे निघाला. निघाला कसला, पळतच सुटला. वाटेत त्याला सारखी ती न पाहिलेली म्हातारी दिसत होती. उशाशी ठेवलेला फोन ती उचलते आहे, ओल्या हाताने उचलते आहे. पुढचं त्याला बघवत नव्हतं.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने नाव विचारलं, वॉर्ड विचारला. तराजूकडे दोन्ही नव्हतं. तेवढ्यात सकाळची पाळी सुटली आणि पांढऱ्या बुटांचा लोंढाच बाहेर पडला. तराजू फाटकाला पाठ लावून एकेकीच्या हाताकडे वाकून बघू लागला. काळं कव्हर, निळं कव्हर, फुलाफुलांचं कव्हर. लाल कोपरा काही दिसेना.

"ओ आजोबा," पहारेकरी मागून म्हणाला, "काय चाललंय तुमचं? या वयात बायकांचे हात काय बघताय?"

दोनतीन नर्सेस थबकल्या. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण भीतीपुढे लाज कुठली टिकते? त्याने हात जोडून सगळं सांगून टाकलं. चार्जर, लोखंड, आई, फोनचा लाल कोपरा.

"लाल नखपॉलिश?" त्यातली एक ठेंगणी नर्स पुढे झाली. "ते मीच लावून दिलंय. माझी अर्धी बाटली संपवली तिने." मग तिचा चेहरा उतरला. "पण ती आज आलीच नाही. सकाळी निरोप आला, आईचं काहीतरी झालंय म्हणून."

तराजूने फाटकाची सळई धरली. काय झालंय, त्याने विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. तिने लगेच मैत्रिणीला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला, तेच. तिच्याकडून पत्ता समजून घेत तराजू म्हणाला, "तुम्ही लावत राहा, सिस्टर. थांबू नका. कोणीतरी उचलेलच."

रिक्षात त्याला वाटेतला प्रत्येक भोंगा आगीच्या बंबाचा वाटला. वळणावर इमारत दिसली आणि दारात माणसं जमलेली दिसली, तेव्हा रिक्षा थांबायच्या आतच तो उतरला. जवळ गेल्यावर कळलं, कोणाचं तरी कपाट वर चढवत होते आणि ते जिन्यात अडकलं होतं. कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीतून अंग चोरत, शिव्या खात तो वर गेला.

दाराला कुलूप नव्हतं, लॅच होतं. त्याने घंटी दाबली. घंटी घरभर वाजलेली बाहेरही ऐकू आली, पण कोणी हललं नाही. त्याने दार बडवलं. मग दाराशेजारची खिडकी दिसली. पडदा थोडा बाजूला होता, त्या फटीला त्याने डोळा लावला.

म्हातारी खिडकीकडे पाठ करून पलंगावर बसली होती. जिवंत होती. पांढऱ्या केसांची बारीकशी वेणी, खांद्यावर शाल, डोक्यावर पंखा गरगरत होता. उशाशी भिंतीत तोच चार्जर. त्याच्यातून तीन वायरी निघाल्या होत्या. एकीच्या टोकाला कानातल्या मशीनची डबी, एकीला साधा फोन आणि तिसरीला लाल कोपऱ्याचा फोन. तो फोन वाजत होता. ठेंगणी नर्स बिचारी सांगितल्याप्रमाणे लावत राहिली होती.

"आजी," तराजू ओरडला, "हात लावू नका."

आजींना कुठलं ऐकू येणार? त्यांचे कान तर डबीत चार्ज होत होते. पण फोनची काच उजळलेली त्यांना दिसली. लेकीचा फोन वाजतोय, महत्त्वाचा असेल, एवढं त्यांना नक्कीच समजलं असणार. त्यांनी शाल सावरली आणि पलंगाच्या लोखंडी कडेला एक हात टेकून दुसरा सावकाश पुढे केला.

त्यांना तो फोन उचलायला लावणारा आपणच, हे तराजूला त्या क्षणी कळलं. तो मागे वळला. जिन्याच्या तोंडाशी मजल्यावरच्या सगळ्या घरांचे मीटर होते आणि त्यांच्याखाली मोठे खटके. कोणता कोणाचा, ते वाचायला सवड नव्हती. त्याने एका टोकापासून सगळे पाडले.

धावत खिडकीशी आला तेव्हा पंखा मंदावत होता. आजींच्या हातात फोन होता. त्या मान वर करून पंख्याकडे बघत होत्या.

"लाईट गेली वाटतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तराजू भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

तोवर दारं उघडली होती. एकाचा टीव्ही बंद पडला होता, एकीचं कपडे धुवायचं मशीन मधेच थांबलं होतं. लोकांना पाडलेले खटके दिसले आणि खिडकीखाली बसलेला हा अनोळखी म्हातारा. एका धिप्पाड शेजाऱ्याने कॉलर धरून त्याला उभं केलं आणि चोर तो चोर वर रडतोय, असं जाहीर केलं. तराजू एकच सांगत होता, खटके वर करू नका. कोणी ऐकून घेत नव्हतं, दोघंजण खटक्यांकडे निघालेसुद्धा. तेवढ्यात पांढऱ्या बुटांची बाई औषधांची पिशवी घेऊन जिना चढून आली.

"बाई, आतला चार्जर काढा," तो कळवळून म्हणाला. "आधी तो काढा. मग मला काय करायचं ते करा."

तिने त्याला ओळखलं. काही न विचारता तिने दार उघडलं, भिंतीतून चार्जर उपटला आणि बाहेर आणून त्याच्यासमोर धरला. आईला नुसता ताप होता. म्हणूनच रजा, म्हणूनच औषधं, आणि घाईत फोन घरी राहिला होता.

तराजूने तिथेच जमिनीवर बसून स्क्रू काढले. घाईत एक स्क्रू घरंगळून शेजाऱ्याच्या पायाखाली गेला. आत तोच काळा तुकडा होता. एका कोपऱ्याने सुटलेला आणि खाली झुकलेला. आज पडला असता, किंवा वर्षाने. शेजाऱ्याने कॉलर सोडली आणि जाऊन खटके वर केले. घराघरांतून पंखे सुरू झाल्याचा आवाज आला.

बाईने तो तुकडा सोलून काढला आणि आपल्या तळहातावर ठेवला.

"म्हणजे त्या दिवशी मी याचं वजन बघितलं," ती म्हणाली.

"मीही," तराजू म्हणाला.

ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने दारातून आत, आईकडे बघितलं. आजी वाजायचा थांबलेला फोन मांडीवर ठेवून दारातल्या गर्दीकडे हसून बघत होत्या. घरी पाहुणे आलेत, असं त्यांना वाटत असावं. तराजूकडे बोट दाखवून त्यांनी लेकीला, त्यांना पाणी दे, अशी खूण केली.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने तिचे पैसे परत केले. तिने घेतले. मग तिने जे विचारलं, ते ऐकायची त्याला दिवसभरात सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

"आता आईचं मशीन लावायचं कशावर? तुम्हीच सांगा, कोणता घेऊ?"

त्याच्या पिशवीत दुसऱ्या कंपनीचा एक नग होता, निघताना मुद्दाम घेतलेला. चांगलाच असावा. सवयीने उजवा हात पिशवीत गेला, नगाभोवती मिटला आणि तिथेच थांबला.

"मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "मोठ्या दुकानात जा. महाग पडेल, पण तिथूनच घ्या."

हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला होता. ती हो म्हणाली. उघडा चार्जर, त्याचं झाकण आणि तो तुकडा तिने त्याच्याकडे दिला. पुन्हा कोणाच्या हाती जायला नको, एवढंच म्हणाली.

जिन्यात कपाट अजून अडकलेलंच होतं. ते निघेपर्यंत तो वरच्या पायरीवर उभा राहिला. करायला काही नव्हतं, म्हणून त्याने तुकडा आत ठेवला, झाकण बसवलं, एक कमी पण बाकीचे स्क्रू पिळले. मग चार्जर तळहातावर तसाच राहिला. हात आपोआप किंचित वरखाली झाला. त्याने डोळे मिटले. तळहात अजूनही सांगत होता की माल चांगला आहे.