धोंड्याच्या वाणाचं घड्याळ

धोंड्याच्या महिन्यात जावयाला चांदीचं वाण द्यायचं सोडून भडगावच्या चुडामणनानांनी नकली घड्याळ आणलं आणि डायलवर स्वतःचाच फोटो छापून घेतला. बेबाबाईने कपाळावर हात मारला. काय ती नवऱ्याची मिजास!

ती डायल बसवणारा जळगावचा कारागीर म्हणाला, "नाना, या डायलच्या मागचे पाय ह्या मशीनच्या भोकांत बसत नाहीत. मशीन वेगळं आहे."

"मग पाय छाट आणि चिकटव! कोण उघडून बघतंय?"

पंगतीत धुळ्याच्या जावयाने मनगटावरचं वाणाचं घड्याळ पाहिलं. डिंक सुटून डायल फिरली होती. नाना उलटे लटकले होते आणि मिनिटकाटा त्यांच्या नाकपुडीत अडकून थरथरत होता.

"मशीनच बोगस शे!" नाना खेकसले.

बेबाबाईने पुरणपोळी वाढली. "मशीन चांगलं शे. काटाले तुमनंच थोबाड आडवं उनं."